हरीणच असेल

शनिवारी सकाळी मार्लिस क्रूगरने ओट आणि चॉकलेटच्या वड्यांचं दुसरं ताट भट्टीतून काढलं, तेव्हा तिच्या सासूबाई, अर्डिस, टेबलापाशी बसून सोडतीची तिकिटं फाडत होत्या. संध्याकाळी लेसच्या गुत्त्यात मार्लिसच्या नवऱ्यासाठी, रॉजरसाठी, जेवण होतं. गावची रीतच आहे ती. कुणाला कॅन्सर झाला, कुणाचा गोठा जळला, की लेसकडे जेवण लावायचं, डुकराच्या मांसाची सोडत काढायची आणि जमेल ते त्या घरी पोचवायचं. रॉजरला कॅन्सर नव्हता आणि त्याचा गोठाही जळला नव्हता. त्यानं दारूच्या नशेत एका माणसाला ट्रकखाली घेतलं होतं. त्याच्या वकिलासाठी गाव जिथं जमणार होतं, त्याच गुत्त्यातून तो त्या दिवशी पिऊन निघाला होता. याचं कुणाला काही वाटत नव्हतं, हेच तर खरं दुखणं.

"वड्या जरा मोठ्या काप," अर्डिस म्हणाल्या. "हात आखडता घेतला म्हणतील लोक."

"आई, त्या माणसाचा पाय गेलाय."

"मी कुठं नाही म्हणतेय? वाईटच झालं. पण नोव्हेंबरात, दिवेलागणीला, सायकल घेऊन रस्त्यावर यायचं काय अडलं होतं? अक्कल नावाची चीज असते की नाही?"

अडलं होतं ते असं. युसेबिओ शेजारच्या डेअरीवर गायी पिळायचा. मेक्सिकोहून आलेला, कागदपत्रं नसलेला. त्याला गाडीचा परवानाच मिळत नव्हता, म्हणून अंगात चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट चढवून तो सायकलनं जायचा. रॉजरचा परवाना तीनदा गेला होता आणि तीनदा परत मिळाला होता. विस्कॉन्सिनच्या कायद्यात पहिल्यांदा पिऊन गाडी हाकली तर नुसता दंड. तेव्हा गावानं त्याची थट्टा केली होती. दुसऱ्यांदा लेसनं त्याला फुकट ग्लास पाजला. तिसऱ्यांदा दीड महिना तो दिवसा कामावर आणि रात्री कोठडीत राहिला, तर चर्चमधल्या बायका मार्लिसला म्हणाल्या, "बरंच झालं ना, घोरणं तरी बंद." आता चौथी वेळ होती आणि माणूस जायबंदी झाला होता. आता तुरुंगच होता, तोही वर्षानुवर्षांचा.

बुधवारी वकील टिअरनींनी मार्लिसला एकटीलाच बोलावलं होतं. माणूस गोड बोलणारा, मऊ आवाजाचा.

"मिसेस क्रूगर, साक्षीदारानं काय बोलावं हे मी कधीच सांगत नाही," ते म्हणाले. "कायदा कुठं ऐकतो, तेवढंच सांगतो. धडक झाली साडेपाचला. पोलिसांनी रक्त घेतलं पावणेआठला. मधला वेळ रॉजर घरी होता. रक्तातली दारू धडकेच्या आधीची की नंतरची, हे रक्त काही बोलून दाखवत नाही. घरी काय झालं ते तुम्हा दोघांनाच ठाऊक."

"त्याला हरीण धडकलंसं वाटलं, असं तो म्हणतो."

"मग झालं तर. माणसाच्या गाडीला हरीण धडकलं, माणूस हादरला, घरी येऊन ब्रँडीचे चार पेले घेतले. या जिल्ह्यात हे कुणाला पटणार नाही? ज्यूरीत बारा जण बसतील. दोन पेले रिचवून कधीच स्टिअरिंगला हात न लावलेली बारा माणसं मला इथं शोधून दाखवा."

"पाद्रीबाबा आहेत की," मार्लिस म्हणाली.

टिअरनी हसले. "त्यांचा खटलाही मीच लढवला होता."

ती घरी आल्यावर रॉजर तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी तुला खोटं बोल असं म्हणत नाहीये हं."

"मग काय म्हणतोयस?"

"मला खरंच आठवतं, मार्लिस. हरीण होतं. शिंगं दिसली मला."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो खोटं बोलत नव्हता. चार महिने सगळं गाव त्याला हरीणच सांगत होतं, आणि आता त्याला शिंगंसुद्धा दिसू लागली होती. तिला त्याची कीव आली आणि रागही आला. एकवीस वर्षं ती या माणसाबरोबर नांदली होती, त्याचं वाईट व्हावं असं तिला कधीच वाटलं नव्हतं.

पण काय झालं ते तिला ठाऊक होतं. घरात दारूचा थेंबही नव्हता. तिसऱ्या खेपेनंतर तिनंच सगळी मोरीत ओतली होती. धडकेनंतर पाचच मिनिटांत रॉजर झुलत आत आला, "हरीण उडवलं," म्हणाला आणि बुटांसकट कोचावर आडवा झाला. ट्रकचं किती नुकसान झालं ते बघायला ती अंगणात गेली. फुटलेल्या दिव्याला हरणाचे केस नव्हते. पिवळ्या कापडाची चिंधी होती, चमकत्या पट्टीची. तिनं ती सोडवली, घरात आणली आणि शेगडीत टाकली. साडेसहाला दूधगाडीच्या ड्रायव्हरला युसेबिओ रस्त्याकडेच्या चरात सापडला. सातला पोलीस दारात आले, तेव्हा मार्लिसच पुढं होऊन म्हणाली होती, "हरीणच असेल." डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणला असता तर पाय वाचला असता. ते वर्तमानपत्रात वाचल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

सोमवारी तिला साक्षीला उभं केलं. मागच्या बाकांवर निम्मं गाव होतं. पुढं युसेबिओ, त्याची बायको आणि दोघांच्या मधे वाकून कानात स्पॅनिश सांगणारी दुभाषी बाई.

"घरी आल्यावर तुमच्या नवऱ्यानं काय घेतलं?" टिअरनींनी विचारलं.

"काही नाही."

"सावकाश आठवा. हादरलेला माणूस..."

"तो हादरला नव्हता. झिंगला होता. घरात दारूच नव्हती."

टिअरनी चटकन म्हणाले, "माझं झालं." सरकारी वकील उठला आणि त्यानं हरणाबद्दल विचारलं. मार्लिस त्या चिंधीचं सांगू लागली, तोच न्यायाधीशबाईंनी तिला थांबवलं. "पुढं बोललात तर तुमच्यावरही खटला होऊ शकतो. आधी स्वतःचा वकील बघा."

"होऊ दे," मार्लिस म्हणाली. "चार महिन्यांत काय घडलं ते मला कुणी विचारलंच नाही. काय सांगायचं तेवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं." आणि तिनं सगळं सांगून टाकलं: बॅटरी घेऊन बाहेर गेले, कापड पाहिलं, जाळलं, पोलिसांशी खोटं बोलले. रॉजरनं टेबलावर कपाळ टेकलं.

बाहेर पॅसेजमध्ये अर्डिसनी तिला गाठलं. "स्वतःच्या हातानं घर मोडलंस. नवऱ्याला खड्ड्यात घातलंस. माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

"तुम्हीही त्या रस्त्यानंच घरी जाता, आई. लेसकडून दोन पेले घेऊन."

अर्डिसनी तोंड फिरवलं. त्यांच्याबरोबरच्या बायकाही गेल्या, शनिवारच्या जेवणात मार्लिसच्या वड्या वाखाणणाऱ्याच सगळ्या. ती एकटीच बाकावर बसली. थोड्या वेळानं कुबड्यांचा आवाज आला. युसेबिओ समोर येऊन थांबला, बाजूला बायको, मागं दुभाषी बाई. मार्लिस उठून उभी राहिली. माफी मागायची होती. तो शिव्या देईल, असं तिला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात चार-पाच वाक्यं बोलला. दुभाषी बाईंनी ती मार्लिसला इंग्रजीत सांगितली.

"ते म्हणतात, मी शुद्धीवर होतो. तुमचं अंगण चरातून दिसतं. तुम्ही बॅटरी घेऊन बाहेर आलात ते मी पाहिलं. मला वाटलं, तुम्ही मलाच शोधायला आलात. म्हणून मी ओरडायचं थांबवलं."