दुसरा वॉशर

जावई इतका गोड का बोलतो, हा प्रश्न बाईंना लेकीच्या लग्नाच्या दिवसापासून पडलेला होता. बाई म्हणजे गाडी शिकवणाऱ्या बाई. गल्लीत त्यांना दुसरं नावच नव्हतं. स्टिअरिंगला हात लावताच ज्यांना घाम फुटतो अशा बायकांना त्या आपल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीवर शिकवत आणि त्या गाडीवरच त्यांचं घर चालत होतं. ती गाडी हल्ली गिअर बदलताना हिसके द्यायला लागली होती. जावई म्हणाला, "आई, गॅरेजला कशाला? गिअरचं तेल काळं झालं असेल. घरीच बदलू, मी करतो." झालं, बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपण होऊन काम अंगावर घेणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

काय हवं असणार, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं: वरची खोली. लेक आणि जावई राहत होते ते घर सोडायची वेळ आली होती. आता एक तर दोघं बाईंच्या वरच्या खोलीत येणार, नाहीतर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार. तिकडच्या घरमालकाला आज संध्याकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. लेक परत घरात यावी म्हणून बाईंचा जीव टांगणीला लागला होता. रिकाम्या घरात एकटीने चहा पिऊन त्या कंटाळल्या होत्या, अगदी मनापासून कंटाळल्या होत्या. पण लेकीबरोबर हा गोडबोल्याही येणार, त्याचं काय?

माणूस पारखायची बाईंची एक खास पद्धत होती. समोरच्याला कामात लागणारी एखादी बारीक वस्तू गुपचूप लपवायची आणि तो काय करतो ते बघत बसायचं. जो येऊन 'सापडत नाही' म्हणेल तो सरळ. जो काहीतरी थातूरमातूर करून 'झालं' म्हणेल तो लबाड. नळ दुरुस्त करणाऱ्याची टेप, मोलकरणीचा ब्रश, सगळं त्यांच्या पदराआड जाऊन आलं होतं. त्यांचे यजमान तर बिचारे जन्मभर चष्मा शोधत राहिले आणि शोधता शोधताच गेले म्हणायला हरकत नाही. लेकीच्या शाळेच्या दप्तरातला कंपासही यातून सुटला नव्हता.

सकाळी अंगणात गाडी चार स्टँडवर चढली. जावयाने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळं मांडलं: पाना, नरसाळं, नव्या तेलाचे डबे, जुनं तेल मोजायला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि एका इवल्याशा पिशवीत तांब्याचा नवा वॉशर. बाई उपड्या बादलीवर डोळ्यांत तेल घालून बसल्या.

"हा वॉशर कशाला?" त्यांनी विचारलं.

"खालच्या बोल्टला, आई. जुना दबून चपटा झालेला असतो. तोच परत लावला तर थेंब थेंब गळतं."

"आणि गळलं तर?"

"तेल कमी होत जातं. मग एक दिवस भर रस्त्यात गिअर पडायचाच नाही."

बाईंनी हे पक्कं लक्षात ठेवलं. जावई गाडीखाली सरकला. खाली तसराळं होतं. त्यात तेल पडायला लागलं तसा जळकट वास आला. "बघा आई, लाल असायला हवं होतं, केवढं काळं झालंय!" तो खालून ओरडला. स्वतःच्या कामाची टिमकी वाजवायला बरं जमतं, असं बाईंच्या मनात आलं. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. लेक स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बाई वाकल्या, पिशवी उचलली आणि परत बादलीवर येऊन बसल्या. वॉशर मुठीत होता.

थोड्या वेळाने जावई बाहेर आला. त्याने वर्तमानपत्रावर नजर फिरवली. डबे उचलून खाली पाहिलं. नरसाळ्यातही पाहिलं.

"काय शोधताय, जावईबापू?" बाईंचा आवाज साखरेत घोळलेला होता.

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काही नाही, आई." खिशात हात घालत तो परत गाडीखाली गेला. पान्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्याचा: "बोल्ट बसला!"

उघडं पडलं पितळ! बाईंना आनंद झाला, मग लगेच काळजीही वाटली. हा माणूस जुना वॉशर लावून साळसूदपणे 'बसला' म्हणतो. उद्या यात कुणी घाबरट बाई शिकायला बसणार. आणि आपली पोर तर जन्मभर याच्याबरोबर बसणार! आता तेल गळलं की लेकीला बोलवायचं, थेंब दाखवायचे आणि मगच ही मूठ उघडायची, असं त्यांनी ठरवलं.

जावयाने जुनं तेल बाटल्यांत ओतून मोजलं आणि तेवढंच नवं नरसाळ्याने आत सोडलं. मग गाडी स्टँडवरून खाली उतरवली. "आई, आता तुम्ही आत बसा. ब्रेक दाबून धरा आणि एकेक गिअर टाका, प्रत्येक ठिकाणी जरा थांबा. नवं तेल सगळीकडे फिरलं पाहिजे. मी इथून बघतो."

बाई आत बसल्या. मूठ मिटलेलीच होती, त्यामुळे स्टिअरिंगवर त्यांनी ती मूठच टेकवली. इंजिन सुरू झालं. बॉनेट उघडं होतं. समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त बॉनेटखालच्या फटीतून पुढच्या काठावर टेकलेली जावयाची तेलकट बोटं दिसत होती. तो बाजूला नव्हे, बरोबर गाडीसमोर उभा होता, बंपरला गुडघे लावून. बाईंनी रिव्हर्स टाकला, न्यूट्रल केला. मग पुढचा गिअर टाकला तेव्हा गाडी किंचित पुढे झुकली आणि त्यांनी ब्रेकवर सगळं वजन टाकलं. बोटं जागची हलली नाहीत. हिसका मात्र कुठेच बसला नाही.

"आता पार्कमध्ये घ्या. इंजिन चालूच ठेवा." त्याने तेलमापाची दांडी काढून पुसली, परत घालून तेलाची पातळी पाहिली. "मस्त! बंद करा."

बाई उतरल्या त्या थेट गाडीखाली वाकल्या. कोरडं ठणठणीत! त्यांनी बोट लावून पाहिलं. बोल्टपाशी तांब्याची नवीकोरी कड चमकत होती.

"काय शोधतेस, आई?" लेक चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

लेकीने ट्रे पायरीवर ठेवला. "मूठ उघड."

बाईंनी उघडली. वॉशरची पिशवी घामाने ओली झाली होती. लेकीने वाकून आतला वॉशर पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"काल दुकानात हा दोन वॉशर घेत होता," ती म्हणाली. "मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, आई आता तशी राहिली नाही. एकच घे. हा म्हणाला, असू दे, एक खिशात राहील. मी म्हटलं, पैज लाव. आईने काही लपवलं तर आपण वरच्या खोलीचं नावसुद्धा काढायचं नाही." तिने वॉशरकडे बोट केलं. "मी हरले, आई."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लबाडी पकडायला बसल्या होत्या, आणि आख्ख्या अंगणात लबाड निघाल्या त्या एकट्याच. त्या जावयाकडे वळल्या.

"मी अशी आहे हे तुम्हाला माहीत होतं, तर गाडीसमोर कसे उभे राहिलात? मी तर..."

जावई चिंधीने हात पुसत होता. "ब्रेकवर पाय तुमचा होता ना," तो म्हणाला. या वेळी त्याचा सूर गोड नव्हता, साधाच होता.

बाईंनी वॉशर ट्रेवर ठेवला. मग कमरेचा जुडगा सोडला, नखाने कडी उघडून त्यातली एक किल्ली काढली आणि वॉशरशेजारी ठेवली.

"ही कसली?" लेकीने विचारलं.

"वरच्या खोलीची. दुसरी."

"तू म्हणाली होतीस, एकच आहे."

"म्हणाले होते. तुम्ही कामावर गेलात की अधूनमधून वर जाऊन बघणार होते." बाईंचे डोळे भरून आले. "पैज हरलीस ते खरं. तिकडे जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण ही किल्ली घेऊन जा. माझ्याकडे नको."

लेकीने किल्ली उचलली, उलटसुलट करून पाहिली. मग आईच्या जुडग्याकडे पाहिलं. "तिसरी आहे?"

"नाही गं."

"नक्की?"

"देवाशपथ नाही."

लेक तरीही बघतच राहिली, डोळे बारीक करून, मान किंचित तिरकी करून. ती नजर बाईंच्या ओळखीची होती. रोज आरशात दिसायची. खरं सांगूनही कुणी असं बघितलं की आत काय तुटतं, ते त्यांना या वयात पहिल्यांदा कळलं आणि चष्मा शोधणारे यजमान डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांनी जुडगा मुकाट्याने लेकीच्या हातात दिला.

लेकीने तो घेतला. ती एकेक किल्ली बोटाने सारून मोजायला लागली आणि मध्येच थांबली. जुडगा तसाच आईच्या ओंजळीत परत ठेवून तिने चहाचा कप पुढे केला.

"पी आधी. गार होतोय," ती म्हणाली. "घरमालकाला फोन संध्याकाळी करायचाय, अजून वेळ आहे."