सबोहतबीबीच्या तक्रारी

इस्तरवशनच्या दवाखान्यात भाजलेल्या पोरांचे हातपाय पुन्हा चालते करणं हे माझं काम; गाव मला अपा, म्हणजे ताई, म्हणतं. या एकोणीस वर्षांत तंदूर, पाणी उकळायचा समोवार आणि चहाची किटली यांचा मला जेवढा राग आला, तेवढा कुठल्या माणसाचा आला नाही. अपवाद एकच, सबोहतबीबी.

तिची नात झरनिगोर तीन वर्षांची. नवरोजच्या सणाआधी उकळत्या चहानं पोरीचा उजवा हात भाजला. नवी कातडी लावून झाली, पट्ट्या झाल्या, मी शिकवलेले व्यायामही झाले. आता प्रश्न एवढाच होता, की बोटं मोकळी झाली आहेत की हातावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार. ओरिफोव डॉक्टर गुरुवारी राजधानीतून, दुशान्बेहून यायचे होते. त्यांच्या यादीत नाव गेलं, की पुन्हा मांडीची कातडी काढा, तीन आठवडे हात बांधून ठेवा, सगळं पहिल्यापासून.

हात बघून ठरवावं, तर पांढरा कोट दिसला की झरनिगोर मूठ आवळून हात काखेत घालायची. खडीसाखर दाखवा, बाहुली दाखवा, काख काही उघडायची नाही. मग उरला कागद. एवढ्याशा पोरांना काय विचारणार, म्हणून घरच्यांना विचारायचे बावीस प्रश्न.

"बीबी, चमचा धरते का?"

"कसला चमचा, अपा! काही येत नाही हिला."

"बटण काढते?"

"छे! धोंड आहे नुसती."

"गेल्या महिन्यापेक्षा बरा वाटतो हात?"

"बरा कुठला? होता तसाच आहे. कार्टीच कुरूप!"

शेजारी बीबीची सून, म्हणजे पोरीची आई मनिजा, खाली मान घालून बसली होती. तिनं एकदा तोंड उघडलं. सासूनं नुसतं बघितलं आणि ते मिटलं. आमच्याकडे सासू बोलत असली की सून गालिच्यावरची फुलं मोजते.

मी बावीस वेळा "नाही" लिहिलं. वर बीबीला झापलं, की घरी व्यायाम करून घेतले असते तर ही वेळ आली नसती. कागद डॉक्टरांच्या फाइलीत ठेवला आणि हात धुवायला गेले, तर नळाशी मनिजा रडत उभी.

"अपा, पुन्हा कापणार का हो तिला?"

"तुझ्या सासूबाईच म्हणाल्या ना, काही येत नाही म्हणून?"

"मग काय म्हणतील त्या? चारचौघांत लेकराचं चांगलं कसं म्हणायचं? दृष्ट नाही लागणार?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मी याच गावची! माझ्या आईनं माझं लग्न होईपर्यंत पाहुण्यांसमोर मला "काळं घुबड" याच नावानं हाक मारली होती. सगळा जन्म इथं गेला आणि मी परक्या मुलखातून आलेल्या कागदावर खुणा करत बसले होते. बीबीवरचा राग मुकाट्यानं स्वतःकडे वळवला.

कोट काढला, कोरा कागद घेतला आणि बीबीच्या शेजारी फतकल मारून बसले.

"खरं आहे तुमचं, बीबी. फारच वाईट पोर. छळत असेल तुम्हाला."

झालं! बांध फुटला.

"छळते? जीव खाते माझा! परवा माझ्या चपानची, या अंगरख्याची, चार बटणं काढून कोंबड्यांना घातली. साखरेच्या बरणीचं झाकण कितीही घट्ट लावा, फिरवून काढते! पाळण्यातल्या भावाचे केस असे चिमटीत धरून ओढते, की बिचारा काळानिळा होतो."

"कुठल्या हातानं?"

"याच मेल्या हातानं!"

माझी पेन्सिल पळत होती. बटण, होय. झाकण, होय. चिमूट, होय.

"आणि गाठोडी! घरात एक गाठ म्हणून शिल्लक ठेवत नाही. हे बघा, बघा, आत्तासुद्धा!"

बीबीनं माझ्यासाठी रुमालात बांधून नान आणले होते. झरनिगोर ते गाठोडं मांडीत घेऊन बसली होती, आणि ज्या हातासाठी आम्ही इतकी आर्जवं केली, त्याच हाताची लाल बोटं गाठीत घुसवून ती निवांत सोडवत होती. गाठ सुटली. पोरीनं नानचा लचका तोडून तोंडात घातला.

बीबी बोलता बोलता थांबली. मी लिहिलेलं तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पुसा ते, अपा. पुसून टाका."

"का?"

"त्या दिवशी मीच बोलले होते. शेजारणी जमल्या होत्या. म्हटलं, बघा गं, माझी नात कशी ठुमकत चालते. चहा ओतायच्या आत किटली तिच्या हातावर. माझ्या जिभेनं भाजली ती."

आता मला रडू आवरेना. तरी तोंडातून निघालं ते खेकसणंच.

"किटली कुठं ठेवली होती?"

"जेवायला खाली अंथरतो त्या दस्तरखानाच्या काठाशी."

"मग ती मधोमध ठेवा! जिभेला कशाला फाशी देता?"

गुरुवारी ओरिफोव डॉक्टर आले. मी त्यांना कोट काढायला लावला आणि टेबलावर गाठ मारलेले तीन रुमाल ठेवले. झरनिगोरनं तिन्ही सोडवले. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि पहिला फाडून टाकला.

"शस्त्रक्रिया नको. व्यायाम चालू ठेवा," ते म्हणाले. मग बीबीकडे वळले. "पण तुमच्या तोंडून ऐकू दे, बीबी. कसा आहे हात?"

मनिजानं श्वास रोखला. बीबीनं दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, नातीला दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलं.

"चांगला आहे," ती पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "माझ्या नातीचा हात फार चांगला आहे, डॉक्टर. गुणाची आहे माझी पोर."

आणि डोळे गच्च मिटून उभी राहिली. खोलीत कुणी हललं नाही. काहीसुद्धा झालं नाही.

झरनिगोरनं तिची बाही ओढली.

"बीबी, परत म्हण ना."