चामखीळवाला ओथो

दाताच्या डॉक्टरांना रोमन सम्राट जबड्यावरून ओळखता यायचे. निदान ते स्वतः तसं म्हणायचे, आणि नाणेसंग्राहक संस्थेत त्यांना खोटं पाडायला दुसरा कुणी दाताचा डॉक्टर नव्हता. नाण्याच्या कडेने सम्राटाचं नाव कोरलेलं असतं, ते वाचायचं की झालं, असं बाकीचे सभासद धरून चालायचे. डॉक्टर त्यावर नाक मुरडायचे. "नाव वाचून माणूस ओळखणं हे पोस्टमनचं काम," ते म्हणायचे. "ओठ बघा, हनुवटी बघा. या वेस्पासियनचं तोंड आत गेलंय, म्हणजे पुढचे दात गेलेले आहेत. दिसत नाही का?" सभासदांना दिसायचं नाही, पण ते मान डोलवायचे. दाढ दुखली तर उद्या याच माणसापुढे आ करायचा होता.

डॉक्टरांचं स्वतःचं दुखणं निराळंच होतं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या तोंडात वाकून काढला, आणि ठणका थांबला की लोक त्यांना साफ विसरून जायचे. कवळी घालून हसणारा माणूस ती कुणी बसवली हे गावभर सांगत फिरत नाही. आपलं नाव कुठेतरी काचेखाली, दिव्याच्या उजेडात असावं आणि लोकांनी वाकून ते वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. एवढीच म्हणायची, पण तिने त्यांना पार पोखरलं होतं.

अशात जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना ते नाणं मिळालं. पांढऱ्या धातूचं, काळवंडलेलं, कडेची अक्षरं पार झिजून गेलेली. डोकं तेवढं शाबूत होतं, आणि केसांच्या ओळी टोप घातल्यासारख्या नीट बसवलेल्या. हनुवटीखाली एक ठसठशीत चामखीळ. डॉक्टरांनी भिंग लावलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. टोप घालणारा सम्राट म्हणजे ओथो. गादीवर जेमतेम तीन महिने टिकलेला, त्यामुळे त्याची नाणी मोजकीच. आणि चामखीळ असलेला ओथो तर आजवर कुणी पाहिलाच नव्हता.

घरी येऊन त्यांनी तो बायकोच्या तळहातावर ठेवला. "अगं, हे बघ. ओथो."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने नाणं उजेडात धरलं. "हा होय? हा आपल्या किल्ल्यांच्या जुडग्याला आहे की. हनुवटीखाली हाच फोड."

"तो नीरो आहे," डॉक्टर दुखावून म्हणाले. "संस्थेच्या रौप्यमहोत्सवाला मीच ओतून वाटले होते ते. हा ओथो."

"बरं बाई, ओथो. दोघांनाही फोड झाला असेल."

"चामखीळ आहे ती."

"चामखीळ तर चामखीळ. उशांचे अभ्रे कुठे ठेवलेत तुम्ही?"

बायकांना नाण्यातलं काय कळतं, असं मनाशी म्हणून डॉक्टर अभ्यासाला बसले. रौप्यमहोत्सवाची गोष्ट खरी होती. त्या वेळी त्यांच्याकडे एक सुरेख नीरो होता, कडेची अक्षरं तेवढी झिजलेली. दाताचं माप घेतात त्या मसाल्यात त्यांनी त्याचा ठसा घेतला, त्यात मेण ओतलं, मेणावरून खोट्या दातांच्या धातूत नाणी ओतली, वर भोक पाडून त्यात कडी अडकवली आणि प्रत्येक सभासदाला किल्ल्या अडकवायला त्यातलं एकेक भेट दिलं. कौतुक झालं, टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांनी ती भेट घरी नेऊन खणात टाकली. मूळ नीरो पुढे डॉक्टरांनी एका दाढीवाल्या हेड्रियनच्या बदल्यात देऊन टाकला. विषय संपला होता.

या ओथोच्या कपाळावरही एक भोक होतं, कुणीतरी सफाईने बुजवलेलं. डॉक्टरांना त्या कारागिराचं फार कौतुक वाटलं. काय फिलिंग केलंय गड्याने, ते म्हणाले, आपल्याकडची नवी पोरं असं करून दाखवतील तर शपथ.

मग त्यांनी निबंध लिहिला. टांकसाळीतल्या एका निर्भीड कारागिराने सम्राटाची चामखीळ जशीच्या तशी कोरली, राजवाड्यातून दटावणी आली, आणि पुढच्या नाण्यांवरून ती गायब झाली. याला पुरावा काय, तर पुढच्या एकाही नाण्यावर चामखीळ नाही. इतका भक्कम पुरावा पाहून संग्रहालयाचे संचालक भारावून गेले. त्यांच्या नव्या दालनात एक काचेची पेटी रिकामी पडली होती आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. त्यांनी डॉक्टरांच्या नावाची पितळी पट्टीच करून घेतली. संस्थेतले एकटे वकीलसाहेब कुरकुरले. ते नाण्यावरची अक्षरं वाचणाऱ्यांपैकी, आणि या नाण्यावर वाचायला अक्षरच नव्हतं. "लेख नाही म्हणजे दावा नाही," ते म्हणत राहिले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की पोटदुखीवर आपल्याकडे औषध नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दवाखान्यात एका आजोबांच्या कवळीसाठी घेतलेलं माप डॉक्टरांनी फोडलं. आतला प्लास्टरचा जबडा हातात आला. हिरडीवर एक छोटासा गोल उंचवटा होता. मसाल्यात हवेचा बुडबुडा राहिला की ओतकामात तिथे असा फुगवटा येतोच, हे दातांच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. डॉक्टरांनी सवयीने सुरी उचलली, तो खरवडला, आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

आजोबांना खुर्चीत तसंच बसवून ते घरी धावले. बायकोच्या कमरेचा जुडगा जवळजवळ हिसकावूनच घेतला. भिंगाखाली नीरो आणि ओथो शेजारी शेजारी ठेवले. चामखीळ तीच, तिथेच, तेवढीच. भोकसुद्धा त्याच जागी. एकाचं बुजवलेलं आणि दुसऱ्यातून कडी ओवलेली, एवढाच काय तो दोन सम्राटांतला फरक. घाईघाईत आपण मापातला बुडबुडा बघितलाच नाही, आणि त्या बुडबुड्यावर बावीस पानांचा निबंध लिहिला, हे त्यांना उमगलं तेव्हा ते पलंगावर मटकन बसले.

"सांगून टाका," बायको म्हणाली. "हसतील थोडे दिवस. मग त्यांची दाढ दुखायला लागेल आणि येतील मुकाट."

"पट्टी तयार आहे गं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "पितळी. स्क्रू लावून बसवलीय."

"अहो, स्क्रू काढताही येतात."

शेवटी डॉक्टरांनी मनाचा हिय्या केला. सभागृहात सगळ्यांसमोर सांगायचं, हसून सांगायचं, म्हणजे लोकही हसतील आणि वर आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक होईल ते वेगळंच. काचपेटी व्यासपीठाच्या शेजारीच ठेवलेली होती. डॉक्टर माइकपाशी गेले, "मित्रहो, मला एक कबुली द्यायची आहे," एवढं म्हणाले, आणि त्यांची नजर पेटीखालच्या पट्टीवर गेली. त्यांचं नाव, मागे डॉक्टरकीची पदवी, आणि दोन्ही नीट घासूनपुसून चमकवलेलं. "कबुली अशी की," ते म्हणाले, "हा ओथो हातात आला तेव्हा मला रडू आलं." टाळ्या झाल्या, आणि मग त्यांनी निबंध वाचून दाखवला, निर्भीड कारागिरासकट.

तो संपतो न संपतो तोच वकीलसाहेब उठले. खिशात हात घालून सावकाश पुढे आले. झालं, डॉक्टरांनी ओळखलं. वकिलांना रौप्यमहोत्सवाची आठवण झाली असणार, आता भर सभेत अब्रूचं खोबरं होणार. आणि खरं सांगायचं तर त्यांना किंचित सुटल्यासारखंही वाटलं.

"मी आजवर शंका घेतली," वकीलसाहेब म्हणाले. "एक साक्षीदार खोटं बोलू शकतो. परवा मी खण आवरत होतो. त्यात हे सापडलं." त्यांनी मूठ उघडली. "हाच सम्राट, हीच चामखीळ. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असावं. वर भोक आहे, म्हणजे कुणा सैनिकाच्या बायकोने गळ्यात घातलं असणार. आता दोन साक्षीदार झाले. मी हरकत मागे घेतो."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांवर डोकं थोडं तरी इकडेतिकडे सरकतंच. दोन नाणी केसागणिक सारखी निघाली की ती एकाच साच्यातून आली, हे संस्थेत नव्या सभासदाला पहिल्याच बैठकीत सांगतात. ते सांगणारे सगळे या क्षणी आपापल्या घरचे खण आठवत होते. मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "तसलं एक आमच्याकडेही आहे, आजोबांचं." खजिनदार म्हणाले, त्यांच्याकडे सासऱ्यांचं आहे. बघता बघता सगळी संस्था रोमन सैनिकांशी सोयरीक सांगू लागली. ती भेट कुणी दिली होती, कधी दिली होती, एकालाही आठवेना. किंवा आठवत असेल, पण आजोबा बरे पडत होते.

डॉक्टर माइकपाशी उभेच होते. कुणी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

संचालकांचा चेहरा नुसता फुलला होता. एका नाण्याच्या जागी सबंध खजिना. त्यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की प्रत्येक सभासदाने आपलं नाणं द्यावं, मोठी पेटी करू. मग ते पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरांच्या बायकोकडे वळले. तिच्या मांडीवर जुडगा होता आणि त्याला लटकणारं नाणं त्यांनी टिपलं होतं. "बाई, हासुद्धा तोच दिसतोय. द्याल ना?"

"माझा नीरो आहे," ती म्हणाली. जुडगा तिने पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

नवी पेटी झाली, आणि तिच्याबरोबर पट्टीही नवी झाली. एका माणसाचं नाव आता बरं दिसणार नाही, हे संचालकांनी डॉक्टरांना फार गोड शब्दांत समजावलं. जुनी पट्टी त्यांनी कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून डॉक्टरांच्या हवाली केली. नव्या पट्टीवर लिहिलं होतं: चामखीळवाला ओथो. संस्थेच्या सभासदांच्या घराण्यांतील ठेवा.

एका दुपारी डॉक्टर एकटेच ती पेटी बघायला गेले. काचेखाली मखमलीवर ओळीने ओथो मांडले होते. ते वाकले आणि एकेक ओळखत गेले. जबड्यावरून नव्हे. याच्या कडेवर कानस घसरली होती. याच्या वेळी धातू कमी पडला होता. हा सगळ्यांत सुबक उतरला होता, द्यायला जिवावर आलं होतं. एवढ्या वर्षांत आपल्या हातचं काम असं काचेखाली, दिव्याच्या उजेडात, एका जागी मांडलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. काम फार सुरेख होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

तेवढ्यात वकीलसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. आपल्या घराण्याचा ओथो त्यांनी बोटाने दाखवला, पाहुण्यांनी वाकून पाहिला. मग त्यांचं डॉक्टरांकडे लक्ष गेलं. "अरे, डॉक्टर, तुम्हीपण? यात तुमचा कोणता हो?"

डॉक्टरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"तो," ते म्हणाले. "कोपऱ्यातला."