मृत उमेदवाराची मुलाखत

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात भरती, हजेरी, रजा सगळं अठरा वर्षं ताईंच्या हातात होतं. रजेचा अर्ज घेऊन कोणी आलं की ताई चष्म्यावरून नुसत्या बघायच्या. निम्मे आजार दारातच बरे व्हायचे.

मग मालकांनी सॉफ्टवेअर आणलं. रजा मोबाइलवर मागायची, मंजुरी तिथल्या तिथे. कोणी वारलं असेल तर नाव, नातं, पत्ता भरायचा, की तीन दिवस रजा आणि वर सांत्वनाचे दोन शब्द. पहिल्याच महिन्यात अकरा मामा आणि सात आत्या गेल्या.

"साथ आलीय वाटतं," ताई म्हणाल्या.

"पण कामगार किती समाधानी दिसतायत, आलेख बघा," मालक म्हणाले. ते ताईंना लागलं.

पुढच्या आठवड्यात रखवालदाराची जागा निघाली. अर्जांची चाळणीही सॉफ्टवेअरनेच केली. पहिला आलेला उमेदवार समोर बसला. साठीचा, ताठ, मिशांना पीळ. पडद्यावर शंभरपैकी ब्याण्णव गुण, आणि खाली तांबड्या अक्षरांत 'नोंदीनुसार मृत'.

"इथे तुमचं कोणी आहे?" ताईंनी जपून विचारलं.

"भाचा. फिटर आहे. त्याला कळवलं नाही, वशिला नको म्हणून."

"तब्येत कशी असते?"

"ठणठणीत. का हो?"

ताईंनी भाच्याच्या रजेची नोंद उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. मामांनी सावकाश वाचलं. "तीनच दिवस?" ते म्हणाले. "लहानाचा मोठा केला त्याला मी."

फिटरला बोलावणं गेलं. मामांना बघून तो दारातच थिजला.

"मेहुणीच्या घराला रंग द्यायचा होता," तो पुटपुटला. "ते कारण यादीत नव्हतं."

"मग मला घातलंस यादीत," मामा म्हणाले.

ताईंनी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. मेलेल्या माणसाला जिवंत करायची सोय पुढच्या आवृत्तीत येईल, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. ताईंनी कोरा कागद ओढला आणि नेमणुकीचं पत्र हाताने लिहून दिलं. फिटरच्या हक्काच्या रजेतले तीन दिवस कापले.

सोमवारपासून मामा फाटकावर उभे राहू लागले. घाईने बाहेर पडणाऱ्याला ते अडवायचे आणि अगदी मायेने विचारायचे, "कोण गेलं?" त्या महिन्यात कोणाचंच कोणी गेलं नाही. मालकांनी याचं श्रेय सॉफ्टवेअरला दिलं. ताईंनी मात्र मामांसाठी फाटकावर एक खुर्ची मंजूर करून घेतली, पाठीला गादी असलेली.