पोट कापलेला गोंडा

साल एकोणीसशे त्रेपन्न. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते आणि पनवेलच्या बाजारपेठेत काशिराम पटवेकऱ्याच्या ओट्यावर कामोठ्याची सखूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अरं काशिरामदादा, यो काय केलास? मंगळसूत्राची येक वाटी हकरं तोंड करून, येक तकरं! माजी पोर मालू काय दोन नवऱ्यांची हाय?"

समोरचा वाणी हसला. काशिरामही हसला. "आण इकडे, घाईत झालं असेल," म्हणत त्याने हात पुढे केला. पण तो हात सखूबाईच्या हातापासून वीतभर डावीकडे गेला आणि तिथेच थांबला.

आतून त्याची बायको वेणू बघत होती. ती लगबगीने बाहेर आली आणि मंगळसूत्र तिनेच घेतलं. "उद्या या सखूबाई. मी आठवणीने करून घेते ह्यांच्याकडून."

चार महिने वेणू हेच करत होती. मुंबईच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती दिवस पुरेल त्याचा नेम नाही. काशिरामने बायकोकडे एकच मागणं मागितलं होतं, बाजारात कळता कामा नये. लोक त्याच्या हाती सोनं देऊन निर्धास्त भाजी आणायला जात. डोळे गेलेल्या माणसाच्या हाती कोण सोनं देईल? म्हणून तो गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायचा, आणि बारीक मणी वेणू माजघरात बसून ओवायची.

पटवेकऱ्याचं काम पायाच्या अंगठ्यावर चालतं. अंगठ्यात रेशमाचा फास अडकवायचा, त्याला दागिना ताणून धरायचा, मणी ओवायचे, गाठी मारायच्या आणि शेवटी गोंडा बांधायचा. काशिरामच्या घरात तो फास फक्त सुतकात सोडत असत. सखूबाई गेली तेव्हा काशिरामने अंगठ्यातला फास सोडवला, बोटाभोवती गुंडाळला आणि डबीत ठेवला. तो काम सोडतोय हे वेणूने ओळखलं. पण ती काही बोलणार, एवढ्यात ओट्यावर कमरुद्दीन येऊन बसला.

कमरुद्दीन काशिरामचा लहानपणापासूनचा दोस्त. तीस वर्षं बोटीवर बॉयलरपुढे कोळसा ओढून नुकताच कायमचा घरी आला होता. आता त्याला एकच वेड होतं, कृष्णाळे तलावातल्या मरळी. दिवसभर गळाची काठी घेऊन काठावर बसायचा आणि रिकाम्या हाताने घरी जाऊन बायकोची, अस्माची बोलणी खायचा.

"सलाम, वहिनी. काशिराम, ह्ये बघ." त्याने काशिरामच्या हातात एक केसाळ गोळा ठेवला. "अमेरिकेच्या बंदरात येका खानसाम्यानं दिलेला. हरणाच्या केसांचा बेडूक हाय. पान्यावर तरंगतो, आनि मासा खालून येऊन झडप घालतो. माज्या पेटीत उंदरांनी कुरतडला. मला असा नवा करून दे."

"मी दागिने गाठतो रे बाबा. गळ कुठले करतोय?"

"गोंडे बांधतोस का नाय? मग हा गोंडाच हाय. फक्त आतमंदी काटा हाय, तुज्या स्वभावासारखा."

त्याने सांबराच्या कातड्याचा एक तुकडाही आणला होता, कर्नाळ्याच्या एका शिकाऱ्याकडून. काशिरामने त्यातली केसांची चिमूट बोटांत फिरवली, दाबली, कानाशी नेऊन मोडली. "पोकळ आहेत हे. म्हणून तरंगतात," तो स्वतःशीच म्हणाला. मग हात लांबवून त्याने डबी उघडली, आणि फास पुन्हा अंगठ्यात गेला.

सखूबाईचं मंगळसूत्र वेणूने रात्रीच सरळ ओवलं, आणि पुढचे सहा दिवस ओट्यावर दुसरं काही नव्हतं. टोकाला बुचाचा तुकडा खोचलेला मोठा गळ फासात अडकवायचा. दांड्यावर केसांची चिमूट ठेवायची, मेण लावलेल्या रेशमाचे दोन सैल वेढे द्यायचे आणि एकदम ओढ घ्यायची, की केस भांडणाऱ्या कोंबड्याच्या मानेसारखे फुलून उभे राहत. नखाने ते मागे रेटायचे आणि पुढची चिमूट ठेवायची. दांडा भरला की कात्री. या कामाला डोळे लागतच नव्हते. काशिराम बेडूक खालच्या ओठावर फिरवायचा आणि ओठाला टोचेल तो केस कापायचा. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो काम करताना गुणगुणत होता.

तयार झालेले चार बेडूक त्याने वेणूपुढे ठेवले.

"अहो, हे बेडूक कसले, बुंदीचे लाडू झालेत."

"गोंडा गोलच हवा. एका अंगाने चपटा गोंडा आमच्या घराण्यात कुणी बांधला नाही."

दोन दिवसांनी कमरुद्दीन गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आला. "सात येळा, वहिनी! सात येळा मरळीनं उडी घेतली, तोंडात धरला आनि सोडून गेली. माजा नशीबच खोटा."

तो गेल्यावर काशिरामने उरलेल्यातला एक बेडूक बोटांत फिरवला. मग म्हणाला, "त्याचं नशीब नाही, वेणू. खोट माझ्या कामात आहे. कुठे आहे ते मला दिसत नाही." 'दिसत नाही' हे शब्द त्याने कधी तोंडातून काढले नव्हते. "शुक्रवारी तो पुन्हा जाणार आहे. तेव्हाही नाही लागली, तर फास डबीत. मग मला आग्रह करू नकोस."

शुक्रवारी दुपारी काशिरामचा डोळा लागला, तशी वेणू दोन्ही बेडूक घेऊन खिडकीशी बसली, जुना अमेरिकेचा आणि नवा घरचा. जुन्याची पाठ उंदरांनी ओरबाडली होती, केस वेडेवाकडे तुटले होते. पोटाचेही केस गेलेले होते, पण तिथे एकही केस वरखाली नव्हता. सगळं सपाट, एका रेषेत. उंदीर असं सरळ कुरतडतो होय? ती कात्री होती. पोट मुद्दाम कापलं होतं, गळाच्या टोकाला जागा राहावी म्हणून. काशिरामच्या बोटांना तो चपटेपणा लागला होता, पण त्याने तोही उंदरांच्या नावावर टाकला आणि ती बाजू मन लावून भरून काढली. बिचारी मरळ नुसते केस चावून जात होती.

त्याला उठवून सांगावं, तर आता बोटंही फसवू लागली असं धरून बसेल. न सांगावं, तर संध्याकाळी फास डबीत. एकोणतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तयार गोंड्याला वेणूने हात लावला नव्हता. तिने कात्री घेतली. पहिल्या फटक्याला केस मांडीवर पडले, तेव्हा तिला रडूच आलं. पोट सपाट केलं, केस पदरात झटकले आणि नमाजाहून परतणाऱ्या कमरुद्दीनच्या हाती बेडूक ठेवला. "ह्यांनी दिलाय," ती म्हणाली.

दिवेलागणीला बाजारात गलका झाला. कमरुद्दीन हातभर लांब मरळ खांद्यावर टाकून येत होता, मागे निम्मा बाजार. "काशिराम! हात लाव हिला. बेडूक अजून तोंडातच हाय!"

काशिरामने मासा चाचपला. बोटं जबड्यात गेली, बेडकाच्या पाठीवरून फिरली, पोटाखाली गेली आणि थांबली. वेणूने दाराची चौकट धरली.

"हं," तो सावकाश म्हणाला. "पोट कापायलाच हवं होतं."

लोक पांगल्यावर त्याने हाक मारली. "वेणू."

"काय?"

"तुझी कात्री डावीकडे ओढते. पुढच्या बेडकाचं पोट मी कापीन."

वेणू हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. तो तिचं रडणं थांबेपर्यंत थांबला. "उद्यापासून मंगळसूत्रं तू ओट्यावर बसून ओव, सगळ्यांसमोर. मी बेडूक आणि गोंडे करीन. सखूबाईला सांग, माझे डोळे गेलेत. हात आहेत."

सखूबाईला सांगितलं, तेव्हा ती पायरीवरच बसली. "मंग आदी नाय का सांगाचास, दादा? मालूच्या दोन नवऱ्यांचा पाप उगाच माज्या तोंडाला लावलास!" आणि गळ्यातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ काढून तिने वेणूच्या ओंजळीत घातली. "ही पन कर. दोरा जुना झालाय." मग ती निर्धास्त भाजी आणायला गेली.

मालूचं लग्न त्याच माघात झालं. तिला पाच मुलं झाली, आणि वेणूने ओवलेल्या त्या वाट्या कधी पुन्हा ओवाव्या लागल्या नाहीत. सखूबाई साठ सालच्या थंडीत गेली. कमरुद्दीन त्यानंतर दोन वर्षांनी. त्याची काठी अस्माने माळ्यावर ठेवली, पण कुणाला दिली नाही. काशिराम सदुसष्टपर्यंत बेडूक बांधत होता. मुंबईचे शौकीन लोक मोटारी करून यायचे, आणि त्यांतल्या निम्म्यांना कारागीर आंधळा आहे हे कळायचंही नाही. तो गेला त्या दिवशी वेणूने त्याच्या अंगठ्यातला फास सोडवला, आणि सुतक फिटल्यावर आपल्या अंगठ्यात घातला.

त्या पहिल्या चारांतला एक बेडूक तिने ठेवून घेतला होता. गळ काढून टाकलेला, गोल, पोटाला कात्री न लागलेला. अंघोळीच्या घंगाळात ती कधीकधी तो सोडायची. तो तरंगायचा, हळूच एकदा फिरायचा, आणि कुठली बाजू वर हे अजून ठरलं नसल्यासारखा तसाच राहायचा.