इंग्रजी गाण्याचा अर्थ

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या आनंदाच्या मिरवणुकीत वाजवायला निलंग्याच्या खाजाभाईंचा बँड आला होता. मिरवणूक संपल्यावर बाकीचे चहाला गेले. खाजाभाई मात्र शाळेच्या मैदानावर खिळून उभे राहिले. मंचावर हैदराबादचा ऑर्केस्ट्रा होता, आणि गिटार गळ्यात अडकवलेला, मानेवर रुळणाऱ्या केसांचा तो गडी त्यांचा मुलगा नजीर होता.

दहा वर्षांनी दिसत होता. बहात्तरच्या दुष्काळात लग्नंच होईनात, बँड बसून राहिला. नजीर म्हणाला, हैदराबादला हॉटेलात वाजवतो. "पिणाऱ्यांपुढं वाजवायचं असंल तर पुन्हा या घरात पाय ठेवू नको," खाजाभाई कडाडले होते. पोरगाही त्यांचाच, त्यानं तो शब्द पाळला.

नजीरनं इंग्रजी गाणं धरलं. ड्रम धडधडले, गिटार करवतीसारखी कापत गेली. लोक ओरडायला लागले, "ए, हिंदी म्हण!" एक चप्पल मंचावर येऊन पडली. नजीरनं डोळे मिटून आवाज आणखी चढवला.

"मास्तर, काय म्हणून राहिला तो?" शेजारी उभ्या नागप्पा मास्तरांना खाजाभाईंनी विचारलं. ते शाळेत इंग्रजी शिकवायचे.

मास्तरांनी कान दिला. "आईला सांगून राहिलाय. तुझ्या गल्लीची धूळ अजून माझ्या बुटात हाय. रागानं गेलो होतो, आता वाट धरलीय, तू जागी ऱ्हा." जरा थांबून ते म्हणाले, "मधी नुसता ओरडतोय ना, तिथं शब्दच न्हाईत. घर सुटलेल्या माणसाला तेच लई लागत असंल."

नजीरच्या आईला, सुलतानबीला, जाऊन आठ वर्षं झाली होती. तिच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले आणि दुसऱ्याच दिवशी नजीरचं पत्र आलं होतं, अम्मीच्या नावानं. खाली पत्ता होता. आज लिहू, उद्या लिहू म्हणत खाजाभाईंनी ते पेटीत टाकलं, आणि मग लिहायची हिंमतच उरली नाही.

गाणं संपलं तसे ते मंचामागं गेले. नजीर घाम पुसत होता. बापाला पाहून तो उभाच राहिला.

"अब्बा! अम्मी पण आलीय?"

"न्हाई बेटा."

"घरी हाय? बरी हाय ना?"

खाजाभाईंनी डोक्यावरची बँडची टोपी काढली. "तुझं पत्र आलं, त्याच्या आधीच ती गेली. मी तुला कळवलं न्हाई."

"आठ साल?" नजीर हळू म्हणाला. "आठ साल मी तिला ऐकवून राहिलो?"

तेवढ्यात ऑर्केस्ट्राचा मालक पुढच्या गाण्यासाठी हाका मारत आला. नजीरनं गिटार काढून त्याच्या हातात दिली आणि तो एस. टी. स्टँडकडं चालू लागला. खाजाभाई मागून जवळजवळ पळतच निघाले.

निलंग्याच्या बसमध्ये नजीर दोन बाकं सोडून बसला. उतरल्यावर तो थेट कब्रस्तानात शिरला आणि तिथं मात्र अडला. एका रांगेत सगळे मातीचे सारखेच उंचवटे.

"कोणती?" त्यानं मागं न बघता विचारलं.

खाजाभाईंनी बोरीखालची कबर दाखवली. नजीर तिथं गुडघ्यांवर बसला. बाप चार पावलं लांब, उन्हात उभा राहिला. बऱ्याच वेळानं नजीर थोडा बाजूला सरकला, एक माणूस बसेल एवढाच.

खाजाभाई जाऊन त्या जागेवर बसले.