कोऱ्या चौकटी

गुंडीच्या बाबांनी उभ्या आयुष्यात कशाला चांगलं म्हटलेलं नाही, आणि त्याला कारणही तसंच आहे. ते बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस. उजेडाच्या पांढऱ्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जातात, हे डोळ्यांत तेल घालून बसतात. बुडबुडा किंवा तडा दिसला की बाटली बाजूला आणि वहीत नोंद. चांगल्या बाटलीची नोंद नसते. रकाना कोरा म्हणजे माल ठीक. एकोणीस वर्षं हेच चाललंय.

अशा माणसाच्या हातात ती पुस्तिका पडली. नऊ वर्षांच्या गुंडीची चुणूक शाळेतल्या बाईंनी हेरली होती. हुशार मुलांच्या खास वर्गात बाराच जागा, आणि त्यासाठी पालकांनी त्या पुस्तिकेत अठ्ठावीस दिवस, रोज एका चौकटीत, मुलीचं निरीक्षण लिहून द्यायचं होतं. नोंदी ठेवायची सवय तुम्हालाच, असं म्हणून आईने ते काम बाबांच्या गळ्यात घातलं. बाबा तर खूशच झाले.

शेवटच्या दिवशी दुपारी आईने पुस्तिका उघडली. सहाच नोंदी. 'जेवताना चार वेळा उठली.' 'जिन्याच्या पायऱ्या मोजत आली, उशीर.' 'बॅगेच्या कुलपाचे आकडे न विचारता बदलले. कारण काय, तर आधीचे फार सोपे होते.' बाकी एकवीस चौकटी कोऱ्या, आणि आजची अजून भरायची.

"अहो, हे काय?"

"कोरं आहे म्हणजे चांगलंच आहे की," बाबा म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज खाली आला.

पाचच्या आत पुस्तिका त्या वर्गाच्या कचेरीत पोचवायची होती. आईला दुकानावर जायचं होतं, म्हणून बाबा गुंडीला घेऊन निघाले. खिडकीतल्या बाईंनी पानं चाळली, कोऱ्या चौकटी चालत नाहीत, बाकावर बसून भरा, असं सांगितलं. घड्याळात साडेचार झाले होते.

बाबा पेन उघडून बसले आणि पार भंजाळून गेले. वर छापलं होतं, मुलाचं वेगळेपण लिहा. कारखान्यात बाटली वेगळी दिसली की बाद होते. इथे वेगळी असली तरच घेणार? आणि वेगळी म्हणजे किती वेगळी? त्यांनी मागचा मंगळवार आठवून पाहिला. गुंडी घरात होती, एवढं नक्की. पुढचं काही आठवेना. एकोणीस वर्षांत आपण एकाही चांगल्या बाटलीकडे नीट पाहिलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

शेवटी त्यांनी लाज सोडून गुंडीलाच विचारलं, की बेटा, मंगळवारी तू काय केलं होतंस?

गुंडी त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला नाही माहीत? मी तर सगळं तुमच्यासमोर बसून करत होते. मुद्दाम. तुम्हाला लिहायचं होतं ना?"

तिला विचारून आता भरभर लिहिता आलं असतं, पण न पाहिलेल्या मालावर सही करायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. जागा जाणार, आईला काय सांगायचं, पोरीचं नुकसान आपल्याच हातून होतंय, हे सगळं त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी आजच्या चौकटीत आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: 'एकवीस दिवस कोरे आहेत. दोष मुलीचा नाही, तपासणाऱ्याचा आहे.' खाली सही केली.

गुंडीने मान वाकडी करून ते वाचलं.

"बाबा, एकवीस नाही, वीस."

"मोजलेत मी."

"दुसऱ्या रविवारी मला ताप होता. मी काहीच केलं नाही, नुसती झोपून होते. तुम्ही कपाळावर पट्ट्या ठेवत होतात, दिवसभर माझ्याकडेच बघत होतात." ती त्या रविवारच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "हा दिवस धरू नका."

खिडकीतल्या बाईंनी पाच वाजत आल्याचं सांगितलं. बाबांनी एकवीसवर आडवी रेघ मारली, वर वीस लिहिलं, आणि कारखान्यातल्या नियमाप्रमाणे खाडाखोडीशेजारी सही करायला गेले. ती त्यांना तीनदा करावी लागली, कारण पुढचं काही नीट दिसत नव्हतं.